आत्या बोलत नव्हत्या तो हंगाम

नाचणी कापायला आली की कुडपणच्या उतारांना जो रंग चढतो, त्याला नाव देणं मला अजून जमलेलं नाही. तांबडा म्हणावा तर तो तांबडा नाही. चहाच्या चोथ्याचा म्हणावा तर त्याहून उजळ. सकाळी दरीतलं धुकं वर चढतं आणि कणसं भिजवून जातं. दहाच्या सुमाराला ऊन पडलं, की नाचणीच्या ओल्या ताटांचा एक आंबूस, उबदार वास सगळ्या वाडीभर फिरतो. परवा महाडहून नवऱ्याच्या, प्रकाशच्या मोटरसायकलवर मागे बसून वर येत होते. शेवटचं वळण घेतलं आणि तो वास आला. मी प्रकाशच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. त्याने गाडी हळू केली. त्यालाही तेच आठवलं असणार.

आत्या बोलत नव्हत्या, त्या वर्षीचा हंगाम.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. माझं माहेर उमरठचं, सासर कुडपणचं आणि संसार महाडला, कारण प्रकाश तिथल्या कारखान्यात कामाला. धाकटा दीर दिलीप मुंबईला. आत्या वर एकट्याच राहायच्या आणि नाचणी, वरी, थोडंसं भात असं सगळं एकटीने ओढायच्या. आम्ही गणपतीला आणि कापणीला जायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आत्यांच्या आणि माझ्या बोलण्याची वाक्यं मोजायला बसले असते तर एक दुपारही लागली नसती. "आलीस?" "हो." "जेव." "जेवते." भांडण असं कधी झालं नाही. पण मी काही केलं, की त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मी वाढलेलं ताट बघून, माझी नवी साडी बघून, आमच्या मुलीच्या बारशाला मी सुचवलेलं नाव ऐकून. ते मिटलेले ओठ म्हणजे आपल्याविरुद्धचा निकाल, असं मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या गोठ्याच्या दाराशी पडल्या. उजवा हात, उजवा पाय लुळा. महाडच्या डॉक्टरांनी वेळेवर उपचार केले, जीव वाचला, पायातही हळूहळू ताकद यायला लागली. वाचा मात्र गेली. म्हणजे अगदीच गेली असं नाही. एक शब्द तेवढा राहिला. तांब्या.

"आई, बरं वाटतंय का?" प्रकाश विचारायचा.

"तांब्या," आत्या म्हणायच्या.

प्रकाश धावत पाणी आणायचा. त्या दोन घोट घ्यायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "तांब्या." पहिल्या दिवशी आम्ही त्यांना इतकं पाणी पाजलं, की शेवटी नर्सबाईंनी येऊन समजावलं. अशा झटक्यानंतर कधी कधी एकच शब्द तोंडात अडकून बसतो, म्हणाल्या. मनात वेगळंच असतं, पण बाहेर तोच येतो. हे ऐकून दिलीप व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच वर्षी माझं बीएचं शेवटचं वर्ष चाललं होतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी बाहेरून परीक्षा द्यायला सुरुवात केली होती. विषय मानसशास्त्र. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. मी निवडला होता, रोजच्या व्यवहारात माणसं शब्दांशिवाय एकमेकांशी काय बोलतात. डोळे, हात, उभं राहण्यातलं अंतर, आवाजाची चढउतार. आत्या पडायच्या आधीपासून मी वही घेऊन महाडच्या एसटी स्टँडवर जाऊन बसत होते. पहिली दहा पानं भरून मी प्रकल्प तपासणाऱ्या मॅडमना दाखवली. पहिलंच वाक्य होतं, 'एक बाई नवऱ्यावर चिडलेली होती.'

मॅडमनी ते लाल पेनाने खोडलं. "तुम्हाला चिडलेली बाई दिसली?"

"हो."

"चिडणं दिसत नाही. काय दिसलं ते सांगा."

मी आठवून म्हटलं, "पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. नवरा बोलत होता तेव्हा ती बसच्या पाटीकडे बघत होती."

"हे लिहा. चिडली होती, घाबरली होती, की बस चुकेल म्हणून पाटी बघत होती, ते नंतर बघू. अर्थाची घाई करायची नाही."

वाटलं होतं तितकं हे सोपं नव्हतं. मी महाडजवळच्या साव गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले. तिथे एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या चपला हातात धरून उभे होते, ती पाण्यात पाय सोडून बसली होती. मी लगेच लिहिलं, 'प्रेम.' मग खोडलं आणि लिहिलं, 'चपला हातात. दर थोड्या वेळाने चपलांवरचं पाणी सदऱ्याला पुसतो.' खोडलेल्या शब्दापेक्षा ही ओळ मला आजही जास्त आवडते.

आत्यांना दवाखान्यातून आमच्या महाडच्या खोलीवर आणलं, तेव्हा प्रकल्पाची वही मिटून ठेवावी लागणार असं वाटलं. बाहेर जायला वेळच नव्हता. मग एका दुपारी त्यांना भरवता भरवता मला सुचलं, की शब्दांशिवाय बोलणारं माणूस तर माझ्यासमोरच बसलंय. जरा लाज वाटली. तरी वही उघडली.

आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात आली. तांब्या हा एकच शब्द होता, पण त्याचे सूर वेगवेगळे होते. शेवट वर गेला की तो प्रश्न. तुटक आणि खालच्या आवाजात आला की नको. मुलीला हाक मारताना त्याला एक लांब हेल यायचा, 'तांब्याऽऽ', आणि ती सात वर्षांची पोर कसलाही विचार न करता "काय गो आजी?" म्हणत पळत यायची. तिला वही लागत नव्हती.

दिवाळी झाली आणि कापणीसाठी सगळे वर गेलो. दिलीपही रजा काढून आला. दोघा भावांनी फोनवर आधीच ठरवलं होतं, की या वर्षीची कापणी शेवटची. जमीन शेजारच्या पारूकाकूंच्या घराला कसायला द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला मुंबईला दिलीपकडे न्यायचं. तिथे मोठी इस्पितळं आहेत. दोघांचंही आईवर प्रेम होतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. फक्त आईला कोणी विचारलं नव्हतं. "तिला काय समजतंय?" असं प्रकाश म्हणाला होता, आणि ते म्हणताना त्याचा आवाज फाटला होता.

कापणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना आम्ही अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. उतारावरून कणसांच्या टोपल्या भरून खळ्यावर यायला लागल्या. अर्ध्या तासात आत्या अस्वस्थ झाल्या. "तांब्या! तांब्या!" मी पाणी नेलं. त्यांनी डाव्या हाताने तांब्या असा उडवला, की तो घरंगळत खळ्यापर्यंत गेला.

दिलीप धावत आला. "बीपी शूट झालं असणार. वहिनी, गोळी द्या आणि आत झोपवा. जास्त स्ट्रेस नको."

"थांबा जरा," मी म्हटलं.

"कशाला थांबायचं?"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि बघायला लागले. अर्थ नको, फक्त काय दिसतं ते. टोपली भरून आली, की आत्यांची नजर टोपलीबरोबर खळ्यापर्यंत जायची आणि डावा हात उठायचा. अंगठा आणि दोन बोटं जुळायची, मनगट फिरायचं. रिकामी टोपली परत जाताना हात मांडीवर. पुन्हा भरलेली टोपली आली, की पुन्हा हात. पाच टोपल्या गेल्या आणि पाचही वेळा तेच झालं.

मी उठले. सहाव्या टोपलीतलं एक कणीस काढून त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने दाबलं आणि टाकून दिलं. हात पुन्हा पुढे केला. मी दुसरं दिलं. तेही टाकलं. पण त्यांचं ओरडणं थांबलं होतं.

पारूकाकू कडेच्या शेतात कापत होत्या. त्या कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "अगो सुजाता, ती बियाणं मागत्येय! दर वरसाला कापायच्या आधी तीच फिरते शेतात, बियाची कणसा येगळी काढते. आमच्या घरात पण तिनंच दिलेला बी हाय. तुम्ही सगला एकत्रच झोडायला काढलात, मग ती बोंबलंल नाय तर काय करंल?"

प्रकाशने हातातला विळा खाली ठेवला. दर वर्षी कापणीच्या आदल्या सकाळी आत्या एकट्याच उतारावर जातात, हे मलाही माहीत होतं. सुनेला बरोबर न्यायचं नसेल, असा मी त्याचा अर्थ लावला होता. कशाला जाता, हे अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

दोघा मुलांनी खुर्चीसकट आईला उचललं आणि वरच्या न कापलेल्या तुकड्यात नेऊन ठेवलं. खुर्चीचे पाय सारखे टेकेनात म्हणून दिलीपने एका पायाखाली दगड दिला आणि पाठीमागून खुर्ची धरून उभा राहिला. मग आम्ही निवडायला लागलो. मी एकेक कणीस वाकवून त्यांना दाखवायचं, त्यांनी सांगायचं. हनुवटी खाली म्हणजे घे. नजर दुसरीकडे म्हणजे सोड. मी सगळ्यात मोठी कणसं शोधून दाखवत होते आणि त्या नजर वळवत होत्या. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी माझं मनगटच धरलं, हात कणसावरून खाली सरकवला आणि ताटावर नेऊन ठेवला. ताट वाकलेलं होतं. मग शेजारचं ताट धरायला लावलं. ते ताठ होतं, आणि त्याचं कणीस बेताचंच, पण मुठीसारखं आत वळलेलं, गच्च भरलेलं. हनुवटी खाली.

"हां! म्हणजे आधी ताट बघायचं, मग कणीस?" मी विचारलं.

"तांब्या," आत्या म्हणाल्या. इतक्या ठामपणे, की मागे उभा असलेला दिलीप खळखळून हसला. दवाखान्यानंतर त्याला मी पहिल्यांदाच हसताना बघत होते.

दुपारपर्यंत माझ्या चुका कमी झाल्या. आणि मग मला ते दिसलं. एक फार सुरेख कणीस मिळालं होतं, कणसाला फुटलेली सहाही बोटं सारखी वळलेली. मी ते त्यांच्यापुढे धरलं. आत्यांनी ते बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तेच ओठ. मी ते कणीस सोडून देणार, तेवढ्यात हनुवटी खाली गेली. पुन्हा एक चांगलं मिळालं, पुन्हा ओठ मिटले, पुन्हा हनुवटी खाली. मी वहीत मागे जाऊन पाहिलं. खोलीच्या पायरीवर पहिल्यांदा स्वतःहून पाय उचलला, 'ओठ मिटले.' नात शाळेची कविता म्हणून दाखवत होती, 'ओठ मिटले.' दिलीप फोनवर रडला तेव्हा, 'ओठ मिटले.' जिथे जिथे काही आतून वर येत होतं, तिथे त्या ते दाताखाली धरून ठेवत होत्या.

मी बांधावर बसून राहिले. अकरा वर्षं. माझ्या मुलीचं नाव ऐकून त्यांनी ओठ मिटले होते, आणि मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. आता सगळंच उलटं लिहून काढावं असा मोह झाला. आवरला. तीही अर्थाची घाईच झाली असती. माझ्या भाकऱ्या खरोखरच वाईट होत असतील, ही शक्यता होतीच.

निवडलेल्या कणसांच्या जुड्या बांधून पारूकाकूंनी चुलीच्या वर, धूर लागेल अशा जागी टांगल्या. दुपारची जेवणं झाली. आणि मग ओटीवर दोघे भाऊ आईसमोर बसले. सकाळच्या प्रसंगानंतर तिला न विचारता पुढे जायला दोघांनाही धजवत नव्हतं.

"आई, माझ्याबरोबर मुंबईला चल. तिकडं चांगले डॉक्टर हायेत. टेन्शन घेऊ नको, आम्ही दोघं बघू तुझं," दिलीप म्हणाला आणि लगेच पुढे, "येशील ना? का इथंच राहायचंय? इथं कोण बघणार पण?"

"एकच विचारा भाऊजी," मी म्हटलं, "आणि विचारून झालं की गप्प बसा. त्यांना वेळ लागतो."

घरच्या बोलण्यात मी असं मध्ये कधी बोलले नव्हते. प्रकाशने माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

"मुंबईला येतेस?" दिलीपने विचारलं. आणि थांबला. एक कोंबडी ओटीवर चढली आणि उतरून गेली. आत्यांनी डावा हात उचलला, दिलीपच्या गालावर ठेवला. मग तोच तळवा बाहेर लोटला. नाही.

मला ते अपेक्षितच होतं. आपली माती, आपलं बियाणं सोडून ही बाई कुठे जाणार? माझ्या मनात प्रकल्पाचं शेवटचं पान तयारही झालं होतं.

"मग इथंच राहायचं?" प्रकाशने विचारलं.

पुन्हा तळवा बाहेर. नाही.

"बघ," प्रकाश थकून म्हणाला, "दोन्हीला नाय म्हणत्येय. तिला समजत नाय गं."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आत्या थांबल्या नव्हत्या. त्या पुढे वाकल्या, पडतील की काय असं वाटलं. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक पकडलं, ओढून आपल्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात दाबून धरला. मग हनुवटी फिरवली, ती अंगणापलीकडे, खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे.

"महाडला?" मी विचारलं. "माझ्याकडे?"

हनुवटी खाली.

"बरं व्हायला?"

हनुवटी खाली. मग त्यांनी तोंडाजवळ हात नेला, बोटं उघडली मिटली, उघडली मिटली. बोलायला. त्यांना बोलायचं होतं. बियाणं वेगळं ठेवायला लावलं ते पुढच्या वर्षीसाठी, कारण पुढच्या वर्षी त्या परत येणार होत्या. आणि मी त्यांना मातीला चिकटून बसलेली म्हातारी ठरवून मोकळी झाले होते.

प्रकाश उठून आत गेला. पाण्याचा आवाज आला, तोंड धूत होता बराच वेळ. दिलीप म्हणाला, "ठीक हाय. महाड फायनल. मी दर महिन्याला येतो."

तो हिवाळा आमच्या महाडच्या खोलीत सरावाचा गेला. आठवड्यातून एकदा एक ताई वाचेचे व्यायाम शिकवायला यायच्या, बाकीचे दिवस मी आणि माझी मुलगी. आरशासमोर बसून आम्ही तिघी गाल फुगवायचो. कधी सावला जाऊन आत्यांचा उजवा हात गरम पाण्यात सोडून बसायचो. महिनाभर तांब्याच्या पुढे काही सरकेना. आत्या चिडायच्या, आरसा पालथा घालायच्या. मीही चिडायचे. एकदा ताट ठेवून मी शेजारच्या खोलीत निघून गेले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"खा...रट."

मी पळत आले. आत्या आमटीच्या वाटीकडे बोट करून स्वतःच दचकलेल्या होत्या. "खारट," त्या पुन्हा म्हणाल्या, जास्त स्पष्ट. मी आमटी चाखली. खारटच होती. मी हसले, रडले, आणि मग वाटी तशीच घेऊन शेजारणीला सांगायला गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी माझी वही चाळली आणि विचारलं, "इतक्या निरीक्षणांतून तुम्ही काय निष्कर्ष काढला?"

"मी बहुतेक वेळा चुकले, सर," मी म्हटलं. "पण बघत राहिलं की चूक कळते. आणि बघून झाल्यावर विचारावं लागतं." मॅडम खाली मान घालून हसत होत्या. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले.

जमीन कुणाला द्यावी लागली नाही. त्या ज्येष्ठात आत्या काठी टेकत बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या देखरेखीखाली ते बियाणं पेरलं गेलं. आता त्या पावसाळ्यापासून कापणीपर्यंत वर असतात, पारूकाकूंच्या सोबतीने, आणि बाकीचे महिने आमच्याकडे. शब्द बरेच आले आहेत. काही वाटेत अडकतात, तेव्हा आम्ही थांबतो. दिलीपसुद्धा फोनवर थांबायला शिकलाय, त्याला ते सगळ्यात जड गेलं.

काल सकाळी आम्ही दोघी बियाणं निवडायला उतारावर गेलो होतो. आता मी निवडते आणि त्या काठीने टोचून चुका दाखवतात. ऊन चढल्यावर आत्या बांधावरच्या दगडावर टेकल्या. मी समोर उभी होते. खाली दरीत धुकं विरत होतं, पोलादपूरकडचा रस्ता मधूनच दिसत होता. का कोण जाणे, मला एकदम धीर आला.

"आत्या, एक विचारू? मी तुम्हाला आवडते का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले. त्यांचा गाल हलला, जीभ शब्द शोधत होती, आणि शेवटी तो एकेका अक्षराने बाहेर आला.

"आता... इचारतेस... होय गो?"

आणि त्या दगडावर जरा सरकल्या, मला बसायला जागा झाली.